कलम लावायचं की नाही, हे सातबारा ठरवतो

कोकणात विकासावर बोलणं निघालं की कोणीतरी ठरलेलं वाक्य टाकतोच, आपला कोकणी माणूस आळशी, भाऊबंदकीत अडकलेला, एकमेकांचे पाय ओढणारा, घाटावरचे बघा कुठच्या कुठे गेले. मला हे पटत नाही, अजिबात पटत नाही. हाच माणूस मुंबईच्या गिरण्यांमध्ये रात्रपाळ्या करत होता, हाच आखातात जातो, बोटीवर जातो, आणि हीच बाई घरचं सगळं उरकून मासळीची पाटी घ्यायला बंदरावर उभी असते. तिथे तो आळस कुठे जातो? माणूस तोच असतो, पण तो ज्या नियमांखाली राबतो ते वेगळे असतात, केलेल्या कष्टाचं फळ आपल्याच हातात पडेल का याची खात्री वेगळी असते. देश श्रीमंत का होतात आणि गरीब का राहतात यावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी जे डोकं लावलंय त्याचा बराच मोठा भाग ह्या खात्रीभोवतीच फिरतो.

डग्लस नॉर्थ म्हणून एक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होते, १९९३ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉबर्ट फोगेल यांच्याबरोबर त्यांना मिळालं. त्यांचं म्हणणं असं की समाजातला सगळा व्यवहार हा एक खेळ धरला तर त्याचे नियम म्हणजे इन्स्टिट्यूशन्स. त्यात लिहिलेले नियम आले, म्हणजे कायदे, करार, जमिनीचे दप्तर, आणि न लिहिलेलेही आले, म्हणजे गावकीचे संकेत, शब्द पाळणं, कोणाचा शब्द शेवटचा मानायचा ते. आता नियमांचं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी अंपायर एका टीमचा असेल, किंवा आऊट की नॉटआऊट सांगायला वीस वर्षं घेत असेल, तर खेळणारा जोखीम कशाला घेईल? तो जपून जपून खेळणार, नाहीतर दुसऱ्या मैदानावर निघून जाणार. आपल्याकडे ते दुसरं मैदान म्हणजे मुंबई. २०२४ चं नोबेल मिळालेले डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांचंही काम ह्याच विषयावरचं आहे, नियम थोड्यांच्या फायद्याचे आहेत की सगळ्यांना वाव देणारे आहेत यावर देशाची पुढची शंभर-दोनशे वर्षं कशी ठरत जातात ते त्यांनी दाखवलं.

पण हे सगळं हवेतलं वाटतं, म्हणून आंब्याच्या कलमाकडे येतो.

हापूसचं कलम लावलं की पहिली चार-पाच वर्षं ते काही देत नाही, भरात यायला दहा-बारा वर्षं जातात, त्यानंतर मात्र ते झाड तुमच्या नातवंडांनाही पोसतं. देवगड, रत्नागिरीकडे जांभ्या कातळात सुरुंग लावून खड्डे मारायचे, बाहेरून माती आणून भरायची, भोवती गडगा म्हणजे दगडी कुंपण घालायचं, पहिले उन्हाळे पाणी घालून जगवायचं, वणव्यापासून जपायचं, आणि हा सगळा खर्च आज करायचा. हे कोण करेल? ज्याला खात्री आहे की बारा वर्षांनी ह्या झाडाखाली उभं राहून हे माझं आहे असं म्हणता येईल, तोच करेल. ज्याला ती खात्री नाही तो नाचणी, वरी करतो, पेरलं आणि त्याच वर्षी काढलं, पुढचं पुढे. किंवा काहीच करत नाही, गवत वाढू देतो. बाहेरचा माणूस ते गवत बघतो आणि म्हणतो, बघा किती जमीन पड टाकलीये, आळशी लोक.

त्या पड जमिनीचा सातबारा एकदा काढून बघा. आता डिजिटल सहीचा उतारा मोबाइलवरही निघतो, ही खरंच मोठी सुधारणा आहे. उताऱ्यावर काय दिसतं? वरती पणजोबांच्या पिढीतली नावं, त्यातले बरेचसे वारलेले, काहींच्या वारसांची नोंद झालेली आणि काहींची नाही, नावापुढे आणेवारी म्हणजे कोणाचा किती आणे हिस्सा ते, क्षेत्र सामाईक, म्हणजे कोणाचा तुकडा नेमका कुठला ते कुठेच लिहिलेलं नाही. इतर हक्काच्या रकान्यात एखाद्या कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं नाव, एखाद्या सोसायटीचा जुना बोजा जो फिटला असूनही कमी केलेला नाही. जागेवर मात्र सगळ्यांना तोंडी माहीत असतं की फणसापासून व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) ह्यांचं आणि व्हाळाच्या पलीकडे त्यांचं. जोपर्यंत जुनी माणसं आहेत तोपर्यंत हे चालतं, ती गेली की मुंबईत वाढलेल्या पोरांना ना फणस माहीत ना व्हाळ. म्हणून आमच्याकडे जुनेजाणते सांगतात, "आधी सातबाऱ्यार नाव लाव, मगे कलमा लाव."

नाव लावायचं म्हणजे काय करायचं तर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), मग फेरफार नोंद धरली जाते, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. कागदावर सोपं आहे. पण नोटीस जायची कोणाला? एक चुलतभाऊ विरारला, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. आणि एकाने हरकत घेतली की ती तक्रारी नोंद होते, तिथून अपील प्रांताधिकाऱ्याकडे, मग अजून वर, आणि मालकीचाच प्रश्न निघाला तर दिवाणी कोर्ट वेगळं. शिवाय बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं की सातबारा हा मुळात महसुलाचा अभिलेख आहे, उलट सिद्ध होईपर्यंत त्यावरची नोंद खरी धरायची एवढंच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता म्हणते. खरेदीखत रजिस्टर केलं तरी १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंदला जातो तो दस्त, विकणाऱ्याकडे खरंच मालकी होती का याची हमी सरकार घेत नाही. म्हणूनच जमीन घेताना वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढावा लागतो, पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांनी जी पद्धत आणली तिच्यात सरकारी रजिस्टरमधली नोंद हीच मालकी असते आणि तिची हमी सरकार देतं. आपल्याकडे ती जबाबदारी खरेदीदाराच्या डोक्यावर आहे, आणि त्या डोकेदुखीची किंमत प्रत्येक व्यवहारात लागते, फक्त ती कुठे लिहिलेली दिसत नाही.

आता इथून पुढची साखळी बघा, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सातबारा सामाईक, म्हणून बँक कर्ज देताना बाकीच्या सहहिस्सेदारांची संमती मागते, फळबागेचं अनुदान घ्यायचं तरी संमतीपत्रं लागतात. संमती गोळा करता करता हंगाम निघून जातो, पण मोहोर काही थांबत नाही, फवारणी वेळेवर झालीच पाहिजे. मग बागायतदार जातो वाशीच्या दलालाकडे. दलाल ॲडव्हान्स देतो, कागद मागत नाही, संमती मागत नाही, एकच अट, पेट्या माझ्याकडे पाठवायच्या. मे महिन्यात विक्रीच्या हिशोबाची पट्टी येते तेव्हा भाव काय लागला, किती आंबा खराब निघाला, हे सगळं दलाल सांगेल ते. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, शेतकरी कुठेही विकू शकतो. चांगला निर्णय, पण ज्याने फवारणीचे पैसे आधीच उचललेत त्याला कुठेही विकायचं स्वातंत्र्य कायद्याने मिळून उपयोग काय? एक नियम सुधारला आणि त्याच्या मागचा नियम तसाच राहिला की असं होतं. बंदरावर हेच दादन म्हणून चालतं, व्यापारी बोटीसाठी, जाळ्यासाठी पैसे पुढे करतो आणि मासळी त्यालाच द्यावी लागते. दलालाला किंवा व्यापाऱ्याला शिव्या देऊन हे सुटत नाही, कारण बँक जिथे येत नाही तिथे तो येतो, आणि त्याची जोखीमही खरी असते.

पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो द सोटो यांनी अशा मालमत्तेला मृत भांडवल म्हटलंय, जमीन आहे, घर आहे, पण कागद धड नाही म्हणून त्यावर पुढे काही उभं राहत नाही. ही कल्पना जगभर गाजली. पण नुसता कागद दिला की बँक धावत येते असंही नाही. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या एका उपनगरात १९८१ साली सुमारे १८०० कुटुंबांनी मोकळ्या जागेवर वस्ती केली. पुढे सरकारने ती जमीन ताब्यात घेऊन रहिवाशांच्या नावे करायचं ठरवलं, काही मूळ मालकांनी मोबदला घेतला आणि काही कोर्टात गेले, त्यामुळे शेजारी शेजारी राहणाऱ्या सारख्याच परिस्थितीच्या लोकांमध्ये काहींना पट्टा मिळाला आणि काहींना वर्षानुवर्षं नाही. अभ्यासकांनी नंतर दोघांची तुलना केली. ज्यांना पट्टा मिळाला त्यांची घरं जास्त पक्की झाली, त्यांची मुलं जास्त शिकली. कर्ज मात्र थोडंसंच वाढलं. म्हणजे कागदाने सगळ्यात आधी काय बदललं तर माणसाची उद्याबद्दलची हिंमत. मला हे वाचल्यावर पहिल्यांदा आपली कलमंच आठवली.

आणि आपल्याकडे ही हिंमत खचली कशी याला इतिहास आहे. कोकणात खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस, गावाचा शेतसारा तो भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा, पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा, वर वेठबिगार वेगळी. अशा जमिनीवर कूळ झाड कशाला लावेल? लावलं तरी ते कोणाचं? ह्याविरुद्ध अलिबाग तालुक्यात चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने संप केला, जमिनी कसायच्याच नाहीत असं ठरवून सहा वर्षं तो चालवला. घरात दाणा नसताना सहा वर्षं, ह्या लोकांना कोणी आळशी म्हणून दाखवावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं बिल मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, आणि मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं.

कायद्याने. जागेवर काय झालं ते गावागावात वेगळं आहे. कुठे कुळाचं नाव पाहणीत लागलंच नव्हतं, कुठे किंमत ठरली पण भरल्याचा दाखला नाही, कुठे कूळ कायद्याच्या कलम ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं पण सातबाऱ्यावर त्याची नोंद घ्यायची राहिली. आज तिसरी-चौथी पिढी ते कागद शोधत तहसीलच्या अभिलेख कक्षात हेलपाटे घालते. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न याच जातीचा, पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या, कसणाऱ्या माणसांच्या स्वतःच्या नावचा उताराच वर्षानुवर्षं नव्हता. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी भारतातल्या जिल्ह्यांचा एक अभ्यास केलाय, इंग्रजांच्या काळात जिथे महसूल जमीनदारांमार्फत गोळा व्हायचा ते जिल्हे आणि जिथे थेट शेतकऱ्याकडून घेतला जायचा ते जिल्हे, यांची तुलना. जमीनदारी जाऊन कित्येक वर्षं झाल्यावरही जमीनदारी जिल्ह्यांत शेतीतली गुंतवणूक कमी, उत्पादन कमी, शाळा-दवाखाने कमी. तो अभ्यास काही खोतीवरचा नाही, पण वाईट नियम रद्द केल्यावर त्याची सावली किती लांब पडते हे त्यातून कळतं.

जमिनीवर मी फार थांबलो, पण तेच मूळ आहे. आता अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा दुसरा प्रश्न.

गावातल्या गावात आपण एकमेकांना ओळखतो, कोण फसवेल कोण नाही माहीत असतं. पण व्यापार वाढतो तो अनोळखी लोकांत. पुण्यातली बाई हापूसची पेटी घेते तेव्हा तिला आतला आंबा देवगडचा की कर्नाटकातला हे वरून कळत नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये हेच मांडलं, ग्राहकाला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर तो सगळ्याच मालाला मधला भाव देतो, मग चांगला माल आणणाऱ्याला परवडत नाही, आणि हळूहळू बाजारात खराबच उरतं. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ह्यावर उपाय म्हणून भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे, १९९९ चा, आणि २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या आंब्याला हापूस नावाचं मानांकन मिळालं. म्हणजे दुसऱ्या ठिकाणचा आंबा हापूस म्हणून विकता येत नाही. पण रस्त्याच्या कडेला रत्नागिरी हापूस लिहिलेल्या पेटीत काय आहे ते तपासणार कोण? मानांकन नोंदवून घेणं हा अर्धा भाग झाला, वापरकर्ता म्हणून प्रत्येक बागायतदाराने नोंदणी करणं, पेटीवर खूण लावणं, भेसळ करणाऱ्यावर केस करणं आणि ती केस वेळेत निकाली निघणं हा उरलेला अर्धा, आणि तोच अवघड.

समुद्रावर तर मालकीच नाही, सगळ्यांचा समुद्र. म्हणजे जो आधी ओढेल त्याचं. इथे लोकांना वाटतं की एकतर सरकारने दंडुका घेऊन उभं राहावं, नाहीतर सगळं खाजगी करावं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर मच्छीमार, पाटाचं पाणी वापरणारे शेतकरी, जंगलाशेजारचे लोक यांचा अभ्यास करून दाखवलं की तिसराही मार्ग आहे, लोक स्वतः नियम करतात आणि पाळतातही. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. अट एवढीच की हद्द स्पष्ट पाहिजे, नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात पाहिजे, लक्ष ठेवणारा त्यांना उत्तर देणारा पाहिजे, शिक्षा पहिल्या चुकीला छोटी आणि पुढे वाढत जाणारी, आणि भांडण मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त. मालवण-वेंगुर्ल्याकडची रापण बघा, किनाऱ्यावरून जाळं ओढायला सगळा समाज लागतो, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे हे ठरलेले, कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात घालायची नाही हाही तसाच नियम, आणि माशांच्या विणीच्या काळाशी तो जुळतो.

मग पर्ससीन नेट आली, म्हणजे मासळीचा थवा वेढून खालून आवळायचं मोठं जाळं, एलईडी लाइट लावून रात्री मासळी गोळा करून उपसणं सुरू झालं, ह्या बोटी लांबून येणाऱ्या, त्यांना ना रापणीचा संकेत लागू ना गावाची भीड. इथे गावकीचा नियम तोकडा पडतो, राज्याचा कायदाच पाहिजे. तो होता, १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द. २०१६ मध्ये पर्ससीनवर संख्या आणि महिन्यांची बंधनं आली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. पण बोट पकडली तरी केस तहसीलदारापुढे चालायची, ज्यांच्याकडे आधीच शंभर कामं, आणि दंड इतका किरकोळ की एका रात्रीच्या मासळीत वसूल. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत नेला आणि निवाडा मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे दिला. मला ही दुरुस्ती फार शिकण्यासारखी वाटते, कारण बंदी तीच होती, बदलला तो निकाल देणारा आणि चुकीची किंमत. अर्थात पकडायला गस्तीची नौका आणि माणसं लागतात, ती पुरेशी नसतील तर लाखाचा दंडही कागदावरच.

करारांचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या दारात आहे, गुहागरजवळचा दाभोळ वीज प्रकल्प. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीबरोबर समजुतीचा करार झाला, १९९३ मध्ये वीजखरेदीचा. स्पर्धात्मक निविदा नाहीत, कराराचा मजकूर लोकांपुढे नाही, जागतिक बँकेने तेव्हाच प्रकल्प फार मोठा आणि महाग आहे म्हणून पैसे द्यायला नकार दिला होता. करार असा की वीज घेतली नाही तरी वीज मंडळाने ठरलेला स्थिर आकार द्यायचाच, दर डॉलरशी आणि इंधनाशी बांधलेला, वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला, लगेच पुन्हा वाटाघाटी करून अजून मोठा करार केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं, प्रकल्प बंद, आणि त्याच वर्षाच्या शेवटी एन्रॉन कंपनीचं दिवाळं. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांना तो ताब्यात घ्यावा लागला. गुंतवणूकदाराला संरक्षण द्या म्हणजे विकास होतो असं सरसकट सांगणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. इथे संरक्षण भरपूर होतं, नव्हतं ते उघडपणा, नव्हती दर तपासणारी स्वतंत्र यंत्रणा. महाराष्ट्र वीज नियामक आयोग झाला तो १९९९ मध्ये, म्हणजे सगळ्या सह्या होऊन गेल्यावर. आणि विरोध करणाऱ्या गावकऱ्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या त्या वेगळ्या. त्यानंतर किनाऱ्यावर कुठलाही मोठा प्रकल्प आला की लोक संशयाने बघतात, आणि तो संशय काही अडाणीपणा नाही, अनुभवातून आलेला आहे.

मग आपल्याकडे चांगलं काही झालंच नाही का? झालं की. कोकण रेल्वे. १९९० मध्ये वेगळं महामंडळ काढलं, त्यात केंद्र आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही राज्यं भागीदार, ई. श्रीधरन प्रमुख, बाजारात बाँड विकून पैसे उभे केले, निर्णय बऱ्याच प्रमाणात जागेवरच घ्यायची मुभा. ७४१ किलोमीटर, एवढे बोगदे, एवढे पूल, तोच पाऊस, त्याच दरडी, आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू. त्याच डोंगरांतून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग घ्या, रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि चाकरमानी दर गणपतीत त्याच खड्ड्यांतून गावी येताना आपण बघितलेत. तुकड्या-तुकड्यात कंत्राटं, अर्ध्यात सोडणारे ठेकेदार, परवानग्या वेगवेगळ्या खात्यांकडे, भूसंपादन अडकलेलं, आणि मोबदला द्यायला गेलं की परत सातबारा, जमीन कुळाची की देवस्थानाची की अजून कोणाची. देश तोच, कायदे जवळजवळ तेच. जबाबदारी एका जागी होती की विखुरलेली, हा मोठा फरक.

कोर्टांबद्दल थोडंच सांगतो. जागतिक बँकेच्या २०२० च्या अहवालात भारतात एक साधा व्यापारी करार कोर्टामार्फत पाळायला लावायचा तर सरासरी १४४५ दिवस लागतात असं होतं. तो अहवाल नंतर इतर काही देशांच्या आकड्यांतल्या गडबडीमुळे बंद झाला, पण ज्याने काजूचे पैसे थकलेल्या व्यापाऱ्यावर दावा लावलाय त्याला हा आकडा खोटा वाटणार नाही. म्हणून आपल्याकडे व्यापार ओळखीतच होतो, आणि ओळखीत होणारा व्यापार ओळखीएवढाच वाढतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहेत. सावंतवाडीच्या माणसाला तारखेसाठी मुंबईची रात्रभराची गाडी पकडायची गरज नाही, वकिलाची फी, राहणं, बुडालेला रोज, सगळं वाचतं. हक्क तोच, पण तो मागायचा खर्च कमी झाला.

हेही मान्य करतो की सगळं काही कायद्यावर ढकलता येत नाही. उताराची जमीन, पावसाळ्यात धो धो आणि मे महिन्यात विहीर कोरडी, बंदरांत गाळ, हे खरं आहे, आणि भूगोलाला जास्त महत्त्व देणारे अर्थशास्त्रज्ञही आहेत. पण डोंगर आपल्याला हलवता येत नाही, फेरफार मंजूर करून घेता येतो.

म्हणून मे महिन्यात किंवा गणपतीत सगळे गावी येतील तेव्हा एक दुपार काढा. ८अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि सातबारा काढून समोर ठेवा, वारलेल्यांची नावं बघा, वारस नोंदी आधी पूर्ण करा. बहिणींची नावं लावा, हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जन्मापासूनचा आहे हे स्पष्ट केलंय, हक्कसोडपत्रावर तिची सही घाईघाईत घेऊ नका, नंतरचे निम्मे दावे तिथूनच उभे राहतात असं माझं मत आहे. मोजणी करून घ्या. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, त्याला कोर्ट लागत नाही, पण सह्या सगळ्या हिस्सेदारांच्या लागतात, विरारवाल्याची, बडोदेवाल्याची सुद्धा, त्यामुळे परतीचं तिकीट काढण्याआधी तहसीलचा एक दिवस धरून ठेवा.